सालईचं झाड कुणाचं?

आमच्या घरात राजकारणावरून कुणी भांडत नाही, सहरियांवरून भांडतात. भांडणारी माणसं दोनच. एक आमची आई, आरोग्य खात्यातून एलएचव्ही (लेडी हेल्थ व्हिजिटर) म्हणून निवृत्त झालेली, नोकरीची बरीच वर्षं घाटीगाव-मोहना भागातल्या वस्त्यांत हिंडलेली. दुसरे नानाकाका, वडिलांचे धाकटे भाऊ, वन खात्यातून रेंजर म्हणून निवृत्त झालेले, नोकरी श्योपूरला. ग्वाल्हेरहून श्योपूरला जाणारी ती दोन फुटी रुळांची छोटी रेल्वे चालू होती तेव्हा दोनशे किलोमीटरला अख्खा दिवस घेऊन नोकरीवर जाणारे. दोघांनीही सहरिया पुस्तकात वाचलेले नाहीत, आणि म्हणूनच कुणी माघार घेत नाही.

यंदा निमित्त झालं पुण्याच्या आतेभावाचं. कूनोला चित्ते बघायला निघालेला, एक रात्र आमच्याकडे, ग्वाल्हेरच्या लष्कर भागात, उतरला. जेवताना त्यानं सहज विचारलं, "मामी, तिकडे आदिवासींचं पारंपरिक जीवन बघायला मिळतं का? नाच, घरं, वगैरे?"

"भोपाळला जा," आई म्हणाली. "२०१३ साली जनजातीय संग्रहालय झालंय. सात जमातींची घरं मांडलीत, त्यात सहरियाही आहेत. सगळं झाडून-पुसून ठेवलेलं. डासही चावत नाहीत."

नानाकाकांचा घास हातातच राहिला. "वहिनी, हा टोमणा मला आहे ना?"

"तुम्हाला कशाला, भाऊजी? तुम्ही काय संग्रहालय बांधलंत? तुम्ही तर गावं उठवलीत."

झालं. पुढे दोन तास भांडी तशीच पडून होती.

सहरिया ही ग्वाल्हेर, श्योपूर, शिवपुरी, मुरैना, गुना, अशोकनगर, दतिया आणि पलीकडे राजस्थानातल्या बारां जिल्ह्यात पसरलेली जमात. २०११ च्या जनगणनेत एकट्या मध्य प्रदेशात सहा लाखांच्या वर. केंद्र सरकारनं देशातल्या ज्या ७५ जमाती विशेष दुर्बल म्हणून नोंदवल्या, त्यातल्या मध्य प्रदेशात तीन: बैगा, भारिया आणि सहरिया. पहिल्या दोघांचं नाव निदान पर्यटकांच्या कानावरून गेलेलं असतं. सहरियांची वेगळी भाषा आज उरलेली नाही, आजूबाजूचे लोक बोलतात तीच बुंदेली, ब्रज किंवा हाडौती ते बोलतात. डोक्यावर पिसं नाहीत. फोटो काढायला आलेल्याची पंचाईत होते. समोर उभा असलेला माणूस त्याला नुसता गरीब दिसतो.

"मी गावं उठवली नाहीत, कागद केले," नानाकाका म्हणाले. "आणि केले त्याची लाज नाही. १९९८ ते २००३ च्या दरम्यान कूनोतली चोवीस गावं बाहेर आली. दीड हजारांच्या आसपास कुटुंबं, बहुतेक सहरिया. दर कुटुंबाला दोन हेक्टर जमीन. ज्यांच्या आज्या-पणज्यांच्या नावावर वीतभर नव्हतं, त्यांच्या नावावर पट्टा झाला. आत काय होतं, सांगा? दवाखाना नाही. पावसाळ्यात कूनो नदी चढली की वाट बंद. रात्री डाकू येऊन भाकऱ्या मागणार. नाही दिल्या तर ते मारणार, दिल्या तर सकाळी पोलीस. तुमचं ते पारंपरिक जीवन म्हणजे हे होतं."

"खरं आहे," आई म्हणाली. आतेभाऊ जरा चमकला. त्याला वाटलं होतं ती नाही म्हणेल. "कुणासाठी उठवली ती गावं?"

"सिंहांसाठी. गीरचे सिंह एकाच जंगलात अडकलेत, एक साथ आली की खलास. दुसरं घर हवं होतं."

"आले सिंह?"

नानाकाका गप्प. सिंह आले नाहीत. सर्वोच्च न्यायालयानं १५ एप्रिल २०१३ ला गुजरातचे सिंह कूनोला हलवायला सांगितलं, तरी आले नाहीत. आले ते चित्ते. १७ सप्टेंबर २०२२ ला नाकावर वाघाचं तोंड रंगवलेलं एक विमान नामिबियाहून आठ चित्ते घेऊन आमच्या ग्वाल्हेरच्या विमानतळावर उतरलं आणि तिथून हेलिकॉप्टरनं ते कूनोत गेले. पुढच्या फेब्रुवारीत दक्षिण आफ्रिकेतून आणखी बारा.

"ग्वाल्हेरला हे नवीन नाही," नानाकाकांनी विषय बदलला. हा त्यांचा आवडता किस्सा, आणि तो खरा आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला माधवराव महाराज शिंद्यांच्या मनात आलं की आपल्या जंगलात सिंह असावेत. आफ्रिकेतून सिंह मागवले, कूनोच्या रानात डोबकुंडला उंच भिंतींचं आवार बांधून त्यात ठेवले, मग सोडले. सुटलेले सिंह गुरांवर आणि माणसांवर जाऊ लागले आणि शेवटी ते मारावे लागले.

"ती गुरं कुणाची होती?" आईनं विचारलं. "आणि माणसं? महालातली नसणार."

इथे मला आईची बाजू घ्यावीशी वाटते, पण ती नेहमी इथेच थोडी जास्त ताणते. नानाकाकांनी लगेच पकडलं.

"वहिनी, महाराजांवर घसरू नका. तुम्हाला असं म्हणायचंय का, की सहरिया आत होते तसे सुखी होते? मग तुमच्या टीबीच्या रजिस्टरचं काय? सहरियांत क्षय देशाच्या सरासरीच्या कितीतरी पट, हे तुम्हीच आम्हाला ऐकवता. तो काय माझ्या कागदांनी झाला? एका खिडकी नसलेल्या झोपडीत सहा जण, वर बिडी. ही पण परंपराच."

"बिडीचं बरोबर. झोपडीचंही बरोबर. पण माझ्या रजिस्टरात होते ते कूनोतले नव्हते, भाऊजी. ते घाटीगावचे. जंगल तोडलं गेल्यावर दगडाच्या खाणीत गेलेले. फरशीचा दगड फोडून फोडून छातीत धूळ बसलेली. वस्तीत गेले की बाप्ये खोकताना ऐकू यायचे, म्हातारे नव्हेत, तीस-पस्तिशीचे. गोळ्या मी स्वतः समोर बसून गिळायला लावायची. पण रिकाम्या पोटी त्या गोळ्या सोसत नाहीत, ओकून टाकायचे. बायका सांगायच्या, आमची सासू जंगलातून कंद आणायची, आवळे, मध, ओढ्यातला मासा, भाजीचे पाच-सहा प्रकार. आता रेशनचा गहू आणि मीठ. सरकार २०१७ पासून या तीन जमातींच्या बायकांच्या खात्यात दर महिन्याला पैसे टाकतंय, सकस खा म्हणून. टाकू देत, चांगलंच आहे. पण जे फुकट मिळत होतं त्याची ही भरपाई आहे, हे कुणी म्हणत नाही."

आतेभावानं मध्येच विचारलं, की मग त्यांचे रीतिरिवाज म्हणजे नेमके काय? मला वाटतं, त्याला काहीतरी रंगीत हवं होतं. आईनं त्याला सहराना सांगितला. सहरियांची वस्ती म्हणजे सहराना. घरं घोड्याच्या नालेच्या आकारात, म्हणजे तीन बाजूंनी, सगळ्यांची तोंडं मधल्या मोकळ्या अंगणाकडे. त्या अंगणात मधोमध एक चारी बाजूंनी उघडं छप्पर, त्याला बंगला म्हणतात. पाहुणा आला की कुणाच्या घरात नाही, बंगल्यात बसतो. पंच तिथे बसतात. तंटा तिथे सुटतो. आई सांगते, ती नवी होती तेव्हा थेट एका घरात शिरून बाळाचं वजन करायला लागली, तर सगळी वस्ती अवघडून उभी. एक म्हातारी पुढे आली आणि तिला हाताला धरून बंगल्यात नेऊन बसवलं, पाण्याचा लोटा दिला, मग बाळं एकेक करून तिथेच आणली. "काटा छपराच्या वाशाला टांगला. सगळ्यांना सगळ्यांच्या पोराचं वजन कळलं. कुणाचं कमी भरलं की शेजारीण बोलायची, हिच्याकडे दूध नाही उरलं, माझ्याकडे शेळी आहे. एवढी सोय आमच्या पीएचसीत नव्हती."

"आता सरकारी घरं पक्की झालीत," नानाकाका म्हणाले.

"झालीत. ओळीत. एकाची पाठ दुसऱ्याच्या तोंडाकडे. नकाशा काढणाऱ्यानं अंगण धरलंच नाही."

"छप्पर गळत नाही ना पण?"

"नाही गळत," आईनं कबूल केलं.

मग नानाकाकांनी हुकमाचं पान काढलं: नातरा. सहरियांत बाईनं नवरा सोडून दुसऱ्याचं घर धरलं तर पंच बसतात, नवा नवरा जुन्याला रक्कम देतो आणि तड लागते. विधवेचंही पुन्हा लग्न होतं. "रकमेवरून मारामाऱ्या होतात, वहिनी. बाप कर्जात बुडतो. बाई म्हणजे काय, दावणीची गाय? हे जपायचंय तुम्हाला?"

आई थोडा वेळ काही बोलली नाही. मग तिनं आमच्याच घरातली गोष्ट काढली. आमच्या पणजोबांची बहीण तेरा-चौदाव्या वर्षी विधवा झाली. याच वाड्यात, मागच्या खोलीत, केस काढून, लाल आलवणात तिनं पुढची साठ वर्षं काढली. दुपारी पडदा लावून जप करायची. तिला कुणी मारलं नाही, कुणी उपाशी ठेवलं नाही. "रक्कम वाईटच. मी त्या पंचांशी भांडलेय. पण त्या बाईला घर बदलता येत होतं. आमच्या आत्याला खोलीसुद्धा बदलता आली नाही. तुम्ही मला सांगा, सुधारणा करायला कोण कुणाकडे जायला हवं होतं?"

नानाकाकांनी या आत्याला लहानपणी पाहिलेलं. ते नुसतं "हं" म्हणाले.

ही त्यांच्या भांडणातली मला आवडणारी जागा. एरवी आदिवासींच्या चालीरीतींवर बोलताना आपण असे बोलतो, जणू आपल्याला चालीरीती नाहीतच, फक्त कॅलेंडर आहे. सहरियांत मयतानंतर धारीचा विधी असतो. तिसऱ्या दिवशी राख आणि अस्थी गोळा करून रात्री अंगणात पसरतात, झाकून ठेवतात आणि सकाळी झाकण उचलून बघतात, कसलं पाऊल उमटलंय. त्यावरून गेलेला जीव कोणत्या योनीत गेला ते ठरतं. हे ऐकून आतेभाऊ हसला. आईनं त्याला विचारलं, "तुझे आजोबा गेले तेव्हा दिव्याखाली पीठ पसरून वर टोपली झाकली होती, ते आठवतं? दहाव्याला सगळे वाकून बघत होते. तुझी आई म्हणाली, पक्ष्याचं पाऊल आहे." त्याला आठवत होतं. पुण्यात, कोथरूडच्या फ्लॅटमध्ये, संगमरवरी फरशीवर ते पीठ पसरलं होतं.

पण खरा मुद्दा अजून यायचा होता आणि तो नानाकाकांनी आणला. मी इतक्या वर्षांत त्यांच्या तोंडून तो इतका नेटका ऐकला नव्हता.

"बरं, आपलंच घेऊ," ते म्हणाले. "आपण कुठले? दौलतराव शिंद्यांनी १८१० मध्ये इथे तळ टाकला. तळाचं गाव झालं, म्हणून हे लष्कर. आपले पूर्वज साताऱ्याकडून आले, बैलगाड्यांत संसार घालून. दोनशे वर्षं झाली. आपला गणपती बसायचा थांबला? पुरणपोळी थांबली? मराठी मोडकंतोडकं का होईना बोलतोच ना? उठून दुसरीकडे गेलं म्हणून माणसाचे रिवाज मरत नाहीत, वहिनी. मरायचेच असतील तर ते मुळात तकलादू होते. मग सहरिया चाळीस किलोमीटर सरकले तर त्यांचं सगळं संपलं, हे कसं?"

मला वाटलं, आईकडे याला उत्तर नाही. तिनं ताटातला वाळलेला भात बाजूला केला.

"आपण फौजेबरोबर आलो, भाऊजी. आपल्याला कुणी उठवलं नाही, आपण दुसऱ्यांना उठवलं. वाडे मिळाले, वतनं मिळाली, सनदा मिळाल्या. आणि आपले देव देव्हाऱ्यात मावतात. पेटीत घालून आणता येतात. राहिलेल्यांसाठी रेल्वे आहे, दर दोन वर्षांनी आपण जेजुरीला जाऊन येतोच. त्यांचा देव शिवेवरचा दगड. तो कसा उचलणार? आणि आज त्या दगडाशी जायचं तर नॅशनल पार्कच्या फाटकावर परवानगी मागायची. तुम्ही जेजुरीला परवानगी काढून जाता का?"

"जेजुरीत चित्ते नाहीत."

"पण गर्दी आहे. चित्ता परवडला."

सगळेच हसले. पण आई थांबली नाही. "देवाचं सोडा. डिंकाचं सांगा त्याला. तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे."

आणि नानाकाकांनी सांगितलं. आपल्या विरुद्धची साक्ष इतक्या प्रेमानं देणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. सालईचं झाड खडकाळ उतारावर येतं, साल कागदासारखी सुटते. पावसाळा सरला की डिंक काढायला सुरुवात, ती पुढचा पाऊस येईपर्यंत. धारदार पात्यानं खोडावरची पंजाएवढी साल वरवर सोलायची. खोल गेलं की झाड मरतं, वरच्यावर राहिलं की डिंक येत नाही. त्या जखमेतून हळूहळू पांढुरका चीक पाझरतो, घट्ट होत जातो. काही दिवसांनी येऊन तो खरवडायचा आणि जखम वरच्या अंगाला बोटभर वाढवायची. "तुझ्या आईच्या लाडवात असतो तो धावड्याचा," त्यांनी आतेभावाला समजावलं, "हा धुपाला आणि औषधाला जातो. सांधेदुखीच्या गोळ्यांत असतो बघ. सहरियांचा रोख पैसा म्हणजे हाच. तेंदूपत्ता काही आठवड्यांचा, डिंक आठ महिन्यांचा."

"आणि झाडं कुणाची?" आई.

"झाडं वाटलेली होती. घरागणिक. अमक्या नाल्यापासून तमक्या टेकाडापर्यंत या घराची, पुढची त्याच्या भावाची. बापाची मुलाकडे जायची. झाडावर खूण नाही, खसरा नाही, खतौनी नाही. मी नवा होतो तेव्हा एकाला विचारलं, हे झाड तुझं कशावरून? तो माझ्याकडे असा बघत राहिला, की मीच वेडा. म्हणाला, साहेब, दुसऱ्या कुणी याला हात लावलेला तुम्ही पाहिलात का?"

"मग त्या चोवीस गावांची भरपाई काढली तेव्हा," आईनं विचारलं, "ती झाडं कुठल्या रकान्यात धरली?"

"रकाना नव्हता." नानाकाकांचा आवाज जरा उतरला. "घर होतं, विहीर होती. पॅकेज कुटुंबामागे लाखाचं. सरकारी दृष्टीनं झाडं सरकारची. जे त्यांचं नव्हतंच त्याची भरपाई कशी देणार?"

मला विचाराल तर दोघांच्या भांडणाचा गाभा इथे आहे, नाचात किंवा नातऱ्यात नाही. ज्याला आपण जीवनपद्धती म्हणून फोटोत घालतो, त्यातलं निम्मं म्हणजे मालकीचे, वारशाचे आणि वाटणीचे कायदे आहेत, फक्त ते तलाठ्याच्या दप्तरात नाहीत. दप्तरात नाहीत म्हणून ते रूढी ठरतात, आणि रूढी म्हटलं की तिला मंचावर नाचायला मानधन मिळतं पण उतारा मिळत नाही. राखी-भुजरियाच्या सुमारास सहरिया पोरं टिपऱ्या घेऊन लहंगी नाचतात. आज तो नाच सरकारी महोत्सवात असतो. त्याच दिवसांत नाचणाऱ्यांचे भाऊबंद कुणाच्या तरी शेतात मजुरीला असतात. थंडी सरली की मोहरी कापायला, बटाटे काढायला लांब जातात. दोन हेक्टर जमीन आहे, पण खडकाळ, आणि पाणी नसेल तर त्या पट्ट्याचा कागदच तेवढा ओला होतो.

नानाकाकांनी मात्र एवढ्यावर हार मानली नाही, आणि ते बरंच झालं. "ठीक आहे. २००६ चा वनाधिकार कायदा आधी आला असता तर आम्हाला असं करता आलं नसतं. त्यात या दुर्बल जमातींना अख्ख्या अधिवासाचा हक्क मागता येतो. पण तो आला नंतर. आता तुम्हीच सांगा, वहिनी, त्यांना परत आत पाठवाल?"

"नाही."

"नाही?"

"पोरी शाळेत जातात. दहावी झालेली पोरगी आता परत आत जाईल का? आणि तिला जा म्हणणारी मी कोण? मी फक्त म्हणते, मोसमात डिंकाला जाऊ द्या."

"नॅशनल पार्क आहे ते. २०१८ पासून. काडी उचलता येत नाही, कायदा आहे."

"पार्कात नाही, तर बाहेरच्या पट्ट्यात. तिथेही सालई आहे ना?"

"आहे," ते म्हणाले. रेंजर जागा झाला. "आहे, पण तिथली झाडं आधीपासून तिथल्या गावांची. त्यांच्यातही वाटणी आहे. बाहेरून गेलेल्यांना ते हात लावू देणार नाहीत, आणि त्यांचंही चूक नाही."

"मग बसवा पंच. दोन्हीकडचे. एका बंगल्यात. तुमच्या ऑफिसात नको."

"आणि यादी? कुणाची किती झाडं होती, हे कोण सांगणार? ज्यांनी स्वतः सोललीत ते आता साठीच्या पुढे गेलेत. त्यांची पोरं सुरत-अहमदाबादला. पोरांना सालई ओळखता येते की नाही, मला शंका आहे."

"तुम्हाला येते ना?"

"मला झाड ओळखता येतं, वहिनी. ते कुणाचं हे नाही सांगता यायचं."

"मग ज्यांना येतं त्यांच्याबरोबर जा. तुम्ही लिहून घ्या. निवृत्त माणूस, सकाळी कंपूत चहा पीत बसता, त्यापेक्षा."

"वरून आदेश लागतो त्याला. असं उठून कुणी झाडांची यादी करत नाही."

"गावं उठवताना आदेश होता ना? मग त्याच ऑफिसात अर्ज टाका."

आतेभावानं विचारलं, सफारीची जीप किती वाजता निघते.